'गल्लाभरू'च्या पलीकडे : धनंजयराव गाडगीळांची बाजारविद्या

मराठीत 'बाजार' या शब्दाच्या वाट्याला फारसा मान आलेला नाही. एखाद्या गोष्टीचे हसे झाले की आपण तिचा 'बाजार मांडला' असे म्हणतो. कोणाची सद्दी संपली की त्याचा 'बाजार उठला' म्हणतो. ऐकीव ती 'बाजारगप्पा' आणि लष्कराच्या मागून चालणारे लटांबर ते 'बाजारबुणगे'. मराठी समीक्षेने याच शब्दापासून 'बाजारू' हे विशेषण उचलले आणि ते वर्षानुवर्षे हत्यारासारखे वापरले. जोडीला नाटक-सिनेमासाठी 'गल्लाभरू' आणि लेखकासाठी 'धंदेवाईक' हे शब्द होतेच. ही विशेषणे वापरून एखादी कलाकृती बाद करताना आपल्याला पुरावा द्यावा लागत नाही, इतकी ती पक्की झाली आहेत.

ही अढी जुनी असली तरी सनातन नाही. तुकोबांच्या घरी वाणसामानाचे दुकान होते, सावकारी होती. भांडवल, मोल, माप, मुद्दल हे शब्द त्यांच्या कवितेत अपरिचितासारखे येत नाहीत, घरच्यासारखे येतात. लोकहितवादींनी १८४९ साली 'लक्ष्मीज्ञान' लिहिले, म्हणजे अर्वाचीन मराठी गद्याने डोळे उघडले तेव्हा त्याच्या नजरेसमोर व्यापार, भांडवल आणि मजुरी हे विषय होते. पुढे कधीतरी साहित्य एका वाटेने गेले आणि अर्थव्यवहाराचा विचार दुसऱ्या वाटेने. या फारकतीत आपण काय गमावले, याचा हिशेब मराठीच्या अध्यापकांनी कधीच मांडलेला नाही. तो मांडायचा तर एका नाशिककराच्या कारकिर्दीपासून सुरुवात करावी, असे मला वाटते. हे नाशिककर म्हणजे धनंजय रामचंद्र गाडगीळ.

धनंजयरावांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिकला झाला. त्यांचे नाव आज दोन ठिकाणी हमखास येते. राज्यांना केंद्रीय साहाय्य कसे वाटावे याचे १९६९ साली ठरलेले सूत्र 'गाडगीळ सूत्र' म्हणून प्रसिद्ध आहे, आणि सहकारी साखर कारखान्यांच्या इतिहासात त्यांचा उल्लेख विठ्ठलराव विखे पाटील आणि वैकुंठभाई मेहता यांच्याबरोबर होतो. स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांना एवढे पुरते. परंतु या दोन टोकांच्या मधली जी चाळीस-पंचेचाळीस वर्षांची विद्यासाधना आहे तिचे मुख्य सूत्र कोणते, असे विचारले तर माझे उत्तर 'बाजार' असे आहे. माल पिकवणाऱ्यापासून तो खाणाऱ्या-वापरणाऱ्यापर्यंत पोचताना त्याचे काय होते आणि वाटेत कोणाच्या हाती काय राहते, हा प्रश्न त्यांनी जन्मभर सोडला नाही.

कारकिर्दीचा आराखडा थोडक्यात असा. शालेय शिक्षण नागपूरला झाल्यावर ते केंब्रिजला गेले. तेथील प्रबंध १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानच्या अर्वाचीन औद्योगिक विकासावरचा हा ग्रंथ पुढे अनेक आवृत्त्यांतून विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी अभ्यासला. मुंबई सरकारच्या सेवेत अल्पकाळ काढून १९२५ ते १९३० ते सुरतेच्या एम. टी. बी. कॉलेजचे प्राचार्य होते. १९३० साली रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि एकोणतीस वर्षांचे धनंजयराव तिचे पहिले संचालक झाले. १९६६ पर्यंत, म्हणजे तब्बल छत्तीस वर्षे, ते त्या पदावर राहिले. त्यानंतर पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद आणि १९६७ पासून नियोजन आयोगाचे उपाध्यक्षपद. १९७१ च्या मे महिन्यात, ते पद सोडून दिल्लीहून पुण्याकडे परतताना, प्रवासातच त्यांचे निधन झाले.

या आराखड्यात पदे बरीच आहेत. परंतु माझे लक्ष वेधून घेते ते १९३३ साली संस्थेने प्रसिद्ध केलेले एक लहानसे पुस्तक. पुणे शहरातील फळांच्या विक्रीव्यवस्थेची ती पाहणी आहे. धनंजयरावांनी ती व्ही. आर. गाडगीळ यांच्यासह लिहिली. केंब्रिजहून आलेला, संपूर्ण देशाच्या उद्योगांचा इतिहास लिहून नाव मिळवलेला विद्वान नव्या संस्थेच्या आरंभीच्या कामांत फळबाजाराची निवड करतो, ही घटना आपण थांबून पाहावी अशी आहे. त्या काळी अर्थशास्त्राचा प्राध्यापक म्हणजे चलन, जकात आणि विनिमयदर यांवर बोलणारा गृहस्थ. फळे कोणत्या गावाहून येतात, बागवान ती झाडावरच उक्ती विकतो की तोडून पाठवतो, अडत्या किती कापतो, हमाली-तोलाई कोणाच्या माथी बसते आणि किरकोळ विक्रेत्याच्या पाटीतले नासके फळ शेवटी कोणाच्या हिशेबात जाते, हे प्रश्न विद्येच्या दारात उभे करणे सोपे नव्हते. ज्याला आज आपण मार्केटिंगचा अभ्यास म्हणतो तो महाराष्ट्रात व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्या येण्याच्या कितीतरी आधी असा मंडईच्या अंगाने सुरू झाला होता.

पुण्याच्या मंडईचा संदर्भ साहित्याच्या अभ्यासकाला आणखी एका कारणाने महत्त्वाचा वाटावा. १८८६ साली उघडलेल्या त्या इमारतीचे मूळ नाव रे मार्केट. तिच्यावर होणाऱ्या खर्चाला जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्चावा असे त्यांचे म्हणणे होते. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिलाच महात्मा फुले यांचे नाव मिळाले. या नामांतरातला विरोधाभास आपण वर्गात रंगवून सांगतो. परंतु त्याच फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये शेतकऱ्याच्या लुटीची जी साखळी दाखवली, तिचे दुवे मोजण्याचे काम विसाव्या शतकात कोणी केले, हे सांगायला विसरतो. फुल्यांच्या लेखनात संताप आहे, गाडगिळांच्या पाहणीत तक्ते आहेत. दोघांचा रोख मात्र एकाच ठिकाणी आहे. अभ्यासक्रमात एकाला साहित्य म्हणायचे आणि दुसऱ्याला अहवाल म्हणून ग्रंथालयाच्या वेगळ्या मजल्यावर पाठवायचे, ही विभागणी आपण केलेली आहे.

फळबाजारानंतर वाई तालुक्याची पाहणी आली (१९४०). तिच्या इंग्रजी शीर्षकात शेतीला 'बिझनेस' म्हटले आहे. शेती हा धर्म, शेती ही माय, शेती हे जगण्याचे गाणे अशी भाषा मराठी ग्रामीण साहित्यात रुळत होती, त्या काळात एक अभ्यासक शेतीकडे जमाखर्च असलेला धंदा म्हणून पाहत होता. ही दृष्टी रुक्ष वाटेल. परंतु शेतकऱ्याच्या स्वतःच्या श्रमाची किंमत खर्चाच्या बाजूला मांडायची असते, ही जाणीव त्याला 'बळीराजा' म्हणून ओवाळण्यापेक्षा त्याच्या अधिक उपयोगाची आहे. पुढे पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी दोन भागांत आली (१९४५ आणि १९५२). शहराचे वर्णन कादंबरीकाराने करावे तितक्या तपशिलाने, घरोघर माहिती गोळा करून, ती केलेली आहे.

स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेने अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी करवली. तिच्या मार्गदर्शक समितीत धनंजयराव होते. १९५४ साली आलेल्या त्या अहवालातील एक आकडा गाजला. १९५१-५२ मध्ये ग्रामीण कुटुंबांनी घेतलेल्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३.१ टक्के होता. बहुतेक सारे कर्ज सावकार आणि व्यापारी यांच्याकडचे होते. समितीने यातून काढलेला निष्कर्ष फळबाजाराच्या पाहणीशी थेट जोडता येतो. कर्ज देणारा आणि माल विकत घेणारा एकच असेल, तर भाव ठरवण्याची वेळ येण्यापूर्वीच शेतकऱ्याचा हात बांधलेला असतो. म्हणून पत, विक्री आणि प्रक्रिया या तिन्ही गोष्टी एकत्र हाताळल्या पाहिजेत, असे समितीने सांगितले. मराठी कथा-कादंबरीत सावकाराचे पात्र शेकडो वेळा आले आहे. तो दुष्ट का आहे याचे उत्तर बहुधा त्याच्या स्वभावात शोधले जाते. या अहवालात ते व्यवहाराच्या रचनेत शोधले आहे, आणि अशी रचना कळलेला लेखक सावकार अधिक खोलवर रंगवू शकेल, असे मला वाटते.

लोणीचा प्रवरा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास उभा राहिला तो याच विचारातून. गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा करण्याचे श्रेय विठ्ठलराव विखे पाटलांचे. संस्थेचे संचालक असलेले धनंजयराव या कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. उसाचा कच्चा माल विकून मोकळे होणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती साखरेची विक्री द्यायची, हा त्यातला मूळ मुद्दा. वाचनालयात सिद्ध केलेले विधान स्वतःच्या नावाची जोखीम घेऊन शेतात तपासायला जाणारे प्राध्यापक आपल्याकडे किती, याचा विचार आपण सर्वांनीच करावा.

१९५९ साली धनंजयरावांनी आधुनिक भारतीय व्यापारीवर्गाच्या उगमावर एक छोटेखानी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याला त्यांनी अंतरिम अहवाल म्हटले, ही त्यांची शिस्त. देशाच्या निरनिराळ्या प्रदेशांत व्यापार कोणत्या जातीजमातींच्या हाती होता, ब्रिटिश अंमलात त्यात काय बदल झाले, याचा तो शोध आहे. 'मराठी माणूस धंद्यात मागे का?' हा आपला आवडता प्रश्न. त्यावर व्याख्याने झाली, अग्रलेख झाले, विनोदी कथा झाल्या. स्वभाव, आळस, नोकरीची ओढ, परप्रांतीयांचे कारस्थान अशी उत्तरेही ठरलेली आहेत. या प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो भावनेच्या बाहेर उभे राहून तपासता येतो, हे एका मराठी विद्वानाने साठ-पासष्ट वर्षांपूर्वी दाखवून दिले. तरीही आमच्या नाटकांतला व्यापारी अजून धोतर सावरत तुटके मराठी बोलतो आणि प्रेक्षक हसतात.

आता बाजारविद्येचे आजचे रूप पाहू. मार्केटिंग हा विषय जगभर शिकवला जातो तो प्रामुख्याने अमेरिकन वळणाने. फिलिप कोटलर यांचे १९६७ साली आलेले पाठ्यपुस्तक त्याचा पाया मानले जाते. कोटलर ज्या केलॉग या व्यवस्थापनशाळेत शिकवीत, तिचे डीन २००१ ते २००९ या काळात आसामातील तेजपूरहून गेलेले दीपक जैन हे मार्केटिंगचे अभ्यासक होते. पुढे ते फ्रान्समधील इन्सीआडचेही डीन झाले. अशा कारकिर्दींचे वृत्तपत्रांत कौतुक होते आणि ते योग्यच आहे. लहान गावातून जाऊन परक्या विद्यापीठाचे नेतृत्व करणे ही सामान्य गोष्ट नव्हे. या शास्त्राचा आरंभबिंदू ग्राहक आहे. त्याला काय हवे ते ओळखा, त्याप्रमाणे वस्तू घडवा, किंमत लावा, पोचवा आणि त्याच्या मनात तिचे स्थान निर्माण करा. गाडगीळ आरंभ करतात तो दुसऱ्या टोकाकडून. ग्राहकाने दिलेल्या रुपयातले किती आणे मूळ उत्पादकाकडे परतले, हा त्यांचा पहिला प्रश्न. बाजार समजण्यासाठी दोन्ही टोके लागतात. आमच्या जिल्ह्यांतल्या व्यवस्थापन महाविद्यालयांत मात्र एकच टोक शिकवले जाते, आणि तेही परदेशी कंपन्यांच्या उदाहरणांनी. नागपूरच्या सहकारी व्यवस्थापन संस्थेला धनंजयरावांचे नाव दिलेले आहे. नाव दिले की वाचण्याची जबाबदारी संपते, असा आपला सार्वत्रिक समज दिसतो.

ग्राहकाच्या बाजूने विचार करणारा आणखी एक अर्थशास्त्राचा प्राध्यापक मराठीत होऊन गेला. त्याला आपण चांगले ओळखतो, पण अर्धेच. गंगाधर गाडगीळ (१९२३-२००८) म्हणजे नवकथा, हे समीकरण एम.ए.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. ते मुंबईच्या नरसी मोनजी वाणिज्य महाविद्यालयाचे १९६४ पासून १९७१ पर्यंत प्राचार्य होते, नंतर उद्योगसमूहांचे सल्लागार होते आणि मुंबई ग्राहक पंचायतीचे अध्यक्षही होते, हे चरित्रपर टिपणाच्या शेवटच्या ओळीत येते. आपली समीक्षा त्यांच्या अर्थशास्त्राकडे पोटापाण्याचा उद्योग म्हणून पाहते. मुंबईच्या मध्यमवर्गाची खरेदी, हौस, काटकसर आणि प्रतिष्ठेची धडपड इतक्या बारकाईने टिपणाऱ्या 'बंडू'च्या लेखकाला ती नजर कोठून मिळाली असेल, हा प्रश्न विचारला गेला नाही. मुंबईच्या घडणीवर 'प्रारंभ'सारखी कादंबरी लिहिताना व्यापारउदिमाचे जे भान लागले, त्याचाही विचार झाला नाही. दोन गाडगिळांत नाते आडनावाचे असेल-नसेल. बाजाराकडे नाक न मुरडता पाहण्याचे नाते निश्चित आहे.

या प्रतिपादनावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की ज्या सहकाराचा एवढा गौरव करायचा त्याचे पुढे काय झाले ते सर्वांनी पाहिले आहे. कारखाने घराण्यांच्या ताब्यात गेले, अनेक तोट्यात जाऊन विकले गेले. १९८० साली याच नाशिक जिल्ह्यात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ऊस आणि कांद्याच्या भावासाठी रेल्वे आणि रस्ते अडवले, तेव्हा सहकाराच्या छायेत वाढलेला शेतकरीच रस्त्यावर बसला होता. आक्षेप खरा आहे. संस्था उभारणाऱ्यांनी सत्तेच्या मोहाचा हिशेब पुरेसा धरला नाही, असे म्हणायला जागा आहे. परंतु शरद जोशींनी विचारलेला प्रश्नही मुळात तोच होता: शेतमालाचा भाव कोण ठरवतो आणि कोणाच्या हिताने? उत्तर बदलले म्हणून प्रश्नाचा पहिला अभ्यास निरुपयोगी ठरत नाही. उलट एकाच प्रश्नाची ही दोन उत्तरे शेजारी ठेवून वाचली, तर महाराष्ट्राच्या वैचारिक इतिहासातला एक मोठा वाद उलगडतो.

दुसरा आक्षेप आपल्या घरचा आहे. बाजाराविषयीची साहित्याची तुच्छता हीच त्याची नैतिक ताकद आहे, असे काही जण म्हणतील. सारे काही विकाऊ होत असताना निदान साहित्याने तरी किंमत विचारू नये. या भूमिकेविषयी मला आदर आहे. परंतु विरोध करण्यासाठीही वस्तू माहीत असावी लागते. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ला २००४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शेतीतल्या कोंडीची ही कादंबरी मनाला भिडते, कारण तिच्यातले दुःख हवेत तरंगत नाही, ते पैशाच्या रोजच्या ओढाताणीत रुतलेले आहे. बाजाराचा धिक्कार करणाऱ्या कितीतरी कविता मात्र विसरल्या गेल्या. त्यांतला बाजार हा नुसता एक अमूर्त राक्षस होता. त्याला तराजू नव्हता, वही नव्हती, सकाळची वेळ नव्हती.

नाशिकच्या अध्यापकाला हे अधिक तीव्रतेने जाणवते. लासलगावला कांद्याचा भाव ठरतो आणि देशाच्या राजकारणाला घाम फुटतो. दिंडोरी-निफाडची द्राक्षे समुद्रापार जातात. मोहाडीला शेतकऱ्यांनीच उभी केलेली सह्याद्री फार्म्स ही उत्पादक कंपनी काम करते; सहकाराच्या जुन्या प्रश्नाला कंपनी कायद्याच्या चौकटीत शोधलेले ते नवे उत्तर आहे. आमच्या वर्गांतली निम्मीअधिक मुले या घरांतून येतात. गोणी, वक्कल, गोल्टी, पट्टी, उलाढाल, निर्यातबंदी हे शब्द त्यांच्या घरात रोज उच्चारले जातात. मराठीच्या वर्गात पाऊल टाकताच ती हे सारे शब्द बाहेर ठेवतात, कारण येथे त्यांचे काम नाही असे आपण न बोलता शिकवलेले असते.

धनंजयरावांचे बहुतेक महत्त्वाचे लेखन इंग्रजीत आहे. फळबाजारातली माणसे मराठीत बोलली असणार, ते बोलणे इंग्रजी तक्त्यांत गेले आणि मराठीत परत आले नाही. विद्येच्या या एकेरी वाहतुकीला केवळ त्यांना जबाबदार धरता येणार नाही. त्या पिढीचे विद्यापीठच तसे होते. वि. म. दांडेकर यांनी म. भा. जगताप यांच्यासह 'महाराष्ट्राची ग्रामीण समाजरचना' मराठीत लिहून याच संस्थेतून दुसरी वाट दाखवली होती. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचे सोहळेही झाले. अभिजात भाषेला आपल्याच मंडईचे वर्णन दुसऱ्या भाषेत वाचावे लागणे शोभत नाही.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवतो. वैचारिक गद्याच्या अभ्यासपत्रिकेत आगरकर, राजवाडे, इरावती कर्वे यांच्या पंक्तीला अर्थविचाराचे गद्य असावे, आणि त्यासाठी धनंजयरावांच्या निवडक लेखनाचा टिपांसह मराठी अनुवाद व्हावा. अर्थशास्त्र, व्यवस्थापन आणि मराठी या तीन विभागांनी मिळून तो हाती घ्यावा. नव्या शैक्षणिक धोरणाने विद्याशाखांच्या भिंती सैल केल्या आहेत, तर त्याचा काही उपयोग व्हावा. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून एका बाजारसमितीची बोली नोंदवायला सांगावी: लिलावातले शब्द, खुणा, वजनमापे, शिव्या आणि म्हणी. उघड लिलाव येण्यापूर्वी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची जी 'हत्ता' पद्धत होती, ती पाहिलेली माणसे आता थोडी उरली असतील. त्यांच्या तोंडून ती लिहून घेणे हे कोशकाराचे काम आहे आणि कादंबरीकाराचेही.

एवढे झाले तरी 'बाजारू' हा शब्द समीक्षेतून जाणार नाही, आणि जावा असेही नाही. वाईट पुस्तके यापुढेही लिहिली जातील. तो शब्द वापरणाऱ्याने निदान एकदा पहाटे चारला बाजारसमितीच्या आवारात जाऊन यावे, इतकीच अपेक्षा आहे.